खांबाच्या कोपऱ्यातला टॉवेल

खांब हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलाला आणि सासूबाईंना ठाऊक होतं. बाकी साऱ्यांसाठी तो खांब, कारण बॉक्सिंगच्या रिंगमध्ये त्याला कितीही मारा, तो पडत नसे. आता पडत नाही म्हणजे जिंकत असेल, असं कुणाला वाटेल. तर तसंही नाही. इतक्या वर्षांत त्याने एकही लढत जिंकली नव्हती.

दिवसा तो फर्निचरच्या दुकानाची गाडी चालवी आणि लोकांची कपाटं अरुंद जिन्यांवरून वर चढवून देई. अधूनमधून शनिवारी संध्याकाळी रिंगमध्ये उतरे. नव्या पोरांना सुरुवातीच्या लढतींसाठी एक भरवशाचा माणूस लागतो. तो पोराला पळवतो, दमवतो, त्याच्या चुका त्याला नाकावर दाखवून देतो, फार लागू देत नाही आणि शेवटी गुणांवर हरतो. खांब हा तसला माणूस होता. मुद्दाम मात्र तो कधीच हरला नाही. त्याला तशी गरजच पडली नाही.

त्याच्या बायकोला गल्लीत सगळे टेलरबाई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. पडदे, शाळेचे गणवेश, कुणाच्या पँटची उंची कमी कर, कुणाच्या पोटासाठी कंबर सैल कर, अशी कामं दिवसभर चालत आणि त्याबरोबर तिचं तोंडही चाले. लढत बघायला ती आजवर एकदाही गेली नव्हती. "नवऱ्याला मार खाताना बघायला तिकीट कशाला काढायचं? मी घरी फुकट देते की," असं ती गिऱ्हाइकांना सांगे, आणि गिऱ्हाइकं हसत. खरं कारण असं की तिला भीती वाटायची, आणि भीती वाटते हे कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती.

तिच्या जिवाला एकच आधार होता, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. हा न्हावी. पण लढतीच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो भाऊजींच्या कोपऱ्यात उभा राही. दोन फेऱ्यांच्या मधे स्टूल ठेवायचं, पाणी द्यायचं, भुवईला व्हॅसलीन चोपडायचं ही त्याची कामं. त्याच्या खांद्यावर एक पांढरा टॉवेल असे. तो टॉवेल म्हणजे खेळातली सगळ्यांत मोठी गोष्ट. लढणाऱ्या माणसाच्या तोंडून 'पुरे' हा शब्द काही केल्या निघत नाही. मग तो शब्द त्याच्या वतीने कोपऱ्यातला माणूस बोलतो, टॉवेल रिंगमध्ये टाकून. टॉवेल आत पडला की लढत तिथेच थांबते आणि ज्याचा टॉवेल तो हरतो. भावाने तो कधी टाकला नव्हता, पण तो त्याच्या खांद्यावर आहे एवढ्यावर टेलरबाई शनिवारी रात्री झोपू शकत असे.

आणि आता खांबाची शेवटची लढत आली. चाळिशी उलटली की लढायचा परवाना संपतो, हा बॉक्सिंग मंडळाचा नियम. खांब वरवर म्हणायचा, "बरं झालं, गुडघे सुटले." पण एका सकाळी टेलरबाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली, तर हा गडी कपाटाच्या काचेसमोर उभा. डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट धरून हात वर उचलत होता, रेफरी जिंकणाऱ्याचा उचलतो तसा. उचलायचा, बघायचा, खाली आणायचा. तिला बघताच त्याने तोच हात वरच्या फळीवर नेऊन साखरेचा डबा शोधल्यासारखं केलं.

"साखर खाली ठेवलीय," ती म्हणाली.

"मग वर काय आहे?"

"वर काही नाही."

"तेच बघत होतो," खांब म्हणाला आणि लगबगीने बाहेर गेला. तिने चहा उकळू दिला, आणि तो उतू जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. या माणसाला एकदा, फक्त एकदा जिंकायचं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याने हे तिला कळू दिलं नव्हतं.

लढतीच्या आदल्या दिवशी भावाची कंबर धरली. गिऱ्हाइकाची खुर्ची उचलायला वाकला तो वाकलाच. फोन आला.

"ताई, माझं काही खरं नाही. भाऊजींच्या कोपऱ्यात तुला उभं राहावं लागेल."

"मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"स्टूल ठेव, पाणी दे, व्हॅसलीन लाव. एवढंच. मंडळाकडून एका दिवसाचा पास मिळतो, मी बोललोय त्यांच्याशी. आणि टॉवेल नीट सांभाळ. अगदीच बघवेनासं झालं तरच टाक."

"मला पहिल्या मिनिटाला बघवणार नाही."

"म्हणून तर सांगतोय, नीट सांभाळ."

शनिवारी ती गेली. हॉल म्हणजे एरवी बॅडमिंटनचा. मधोमध रिंग उभारलेली, भोवती घडीच्या खुर्च्या, आणि कपडे बदलायची खोली दोन्ही बाजूंच्या बॉक्सरांना मिळून एकच. तिथे तिला पहिल्यांदा भेटला तो रेडिओ. हा माइकवरचा निवेदक. बॉक्सिंगच्या साऱ्या इतिहासातले चमत्कारिक विक्रम याला तोंडपाठ, आणि कुणी विचारो न विचारो, तो सांगणार, म्हणून रेडिओ. बंद करायचं बटण नसलेला रेडिओ, असं लोक म्हणत.

"वहिनी, तुम्ही पहिल्यांदाच आलात!" तो खुशीत येऊन म्हणाला. "तुम्हाला सांगतो, शंभराहून जास्त फेऱ्यांची एक लढत झालीय. सात तास! शेवटी दोघांनाही उभं राहवेना, तेव्हा रेफरी म्हणाला, जा घरी, कुणीच जिंकलं नाही. आणि एका पठ्ठ्याने लढतीआधी अंगात जोर यावा म्हणून स्वतःच्याच तोंडावर ठोसे मारले. नाक मोडलं. लढत सुरू व्हायच्या आधीच संपली!"

"असली माणसं असतात?"

"अहो, एका बॉक्सरची आई तर रिंगमध्ये चढली. मुलाला मार पडतोय बघून पायातली चप्पल काढली आणि समोरच्याला डोक्यात हाणली."

"बरं केलं," टेलरबाई म्हणाली. आता या बाईशी आपलं जमणार, हे रेडिओने ओळखलं.

तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यात गडबड उडाली. खांबाशी लढणारा पोरगा, वीस-एकवीसचा, नवी कोरी निळी साटिनची चड्डी दोन्ही हातांनी धरून उभा होता. इलॅस्टिक तुटलं होतं. त्याचा प्रशिक्षक सेफ्टी पिन शोधत होता, आणि रिंगमध्ये पिन चालत नाही म्हणून कुणी तरी त्याच्यावर ओरडत होतं. टेलरबाईने पिशवीतून सुई-दोरा काढला. तिच्या पिशवीत तो नसता तर नवल.

"इकडे ये. सरळ उभा राहा. हलू नकोस, टोचेल."

"काकू, सुटणार नाही ना?" पोरगा कानापर्यंत लाल झाला होता. "आईपण आलीय बघायला."

"मी शिवलेलं सुटत नाही. फाटेल, पण सुटणार नाही." दात लावून तिने दोरा तोडला. "आता जा आणि माझ्या नवऱ्याला जरा बेतानं मार."

खांब बाकावर बसून हातांना पट्ट्या बांधून घेत होता. "दुसऱ्यांच्या चड्ड्या शिवून झाल्या असतील तर जरा आपल्या कोपऱ्यात या," तो म्हणाला.

लढत सुरू झाली. पहिल्या फेरीत टेलरबाईने डोळे मिटून घेतले, दुसरीत एक उघडला, आणि तिसरीपासून ती दोरीला छाती टेकून ओरडायला लागली. "अहो, हात वर! वर धरा हात! पडदा लावताना धरता तसा!" मधल्या विश्रांतीत ती पाणी कमी आणि सल्ले जास्त देत होती. तिने व्हॅसलीन भुवईऐवजी कानाला लावलं. खांब तिच्याकडे बघून मधूनच हसत होता, पण दातांवर रबराचं कवच असल्यामुळे ते हसू जरा भयंकर दिसत होतं.

शेवटची फेरी आली तेव्हा पोरगा गुणांवर बराच पुढे होता. जिंकलोच आहोत म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. तो नाचायला लागला, हात खाली सोडून खांबाभोवती गिरक्या घ्यायला लागला. एका गिरकीत त्याने खुर्च्यांकडे बघितलं. आईला शोधत असावा. खांबाने सवयीने डावा हात पुढे केला होता आणि त्यामागून उजवा. ठोसा मारला असं म्हणणं जरा जास्त होईल. हात तिथे होता आणि पोरगा वेगात त्यावर आला. असा आवाज झाला की मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. पोरगा पाठीवर आडवा.

हॉलमध्ये छत फाटेल असा ओरडा उठला. रेफरीने खांबाला दूरच्या कोपऱ्यात पाठवलं आणि बोटं दाखवत मोजायला लागला. एक. दोन. दहापर्यंत पोरगा उठला नाही की खांब जिंकला. खांब कोपऱ्यात दोरीला टेकून उभा होता आणि स्वतःच्या ग्लोव्हकडे असा बघत होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा चुकून घालून आलाय.

टेलरबाईही नाचत होती. नाचता नाचता तिची नजर पोराकडे गेली. तो अगदी तिच्या समोरच पडला होता. नाकातून रक्ताची धार लागली होती आणि ती गालावरून कानात चालली होती. डोळे उघडे, पण कुठे बघतायत याचा पत्ता नाही. आणि सगळे मोजतायत! पाच म्हणतायत, सहा म्हणतायत, पण त्या लेकराचं नाक पुसायला कुणी पुढे येत नाही. तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही.

"अहो रेफरी, मोजता काय! पुसा त्याचं नाक आधी!" असं ओरडून तिने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्याकडे फेकला.

टॉवेल रेफरीच्या बुटावर पडला. रेफरी सातवर थांबला. त्याने टॉवेलकडे बघितलं, टॉवेल आला त्या कोपऱ्याकडे बघितलं, आडव्या पोराकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की देवाने आपल्याला दुसरा कुठला तरी धंदा द्यायला हवा होता. मग त्याने दोन्ही हात हलवून लढत थांबवली. नियम तो नियम.

माइकवर रेडिओची पहिल्यांदाच बोलती बंद झाली. शेवटी त्याने घसा साफ करून निकाल सांगितला. दोघांनी बगलेत धरून पोराला उभं केलं आणि रेफरीने त्याचा हात वर उचलला. पोराने वर गेलेल्या आपल्या हाताकडे बघितलं, मग टेलरबाईकडे.

"काकू," तो म्हणाला, "मी कधी जिंकलो?"

घरी येताना खांबाने गाडी नेहमीसारखीच चालवली. त्याने ओरडावं, आदळआपट करावी, निदान गियर तरी रागाने टाकावा म्हणून टेलरबाई वाट बघत होती. त्याने गाडी नीट लावली, जेवायला बसला, आणखी भात मागितला आणि झोपला. ती मात्र जागी राहिली. आपण त्याला आयुष्यात एकदा मिळालेली गोष्ट त्याच्या हातातून काढून घेतली, तीही नाक पुसायला, हा विचार तिला कुशीवर वळू देईना.

दोन दिवसांनी रेडिओ दुकानात आला. त्याचे डोळे चमकत होते.

"वहिनी, मी सगळं धुंडाळलं! समोरचा आडवा पडलाय, आपण ठणठणीत उभे आहोत, आणि आपल्याच बायकोच्या दयेमुळे हरलो, असं मला तरी कुठेच सापडलं नाही. विक्रम आहे हा!"

टेलरबाईने कात्री उचलली. रेडिओ दोन पावलं मागे सरला.

"ऐका तर! मी दुसरंही सांगायला आलोय. मंडळाकडे दाद मागता येते. अध्यक्षबाई स्वतः म्हणाल्या, खांबाने एवढंच सांगावं की टॉवेल माझ्या संमतीशिवाय पडला, एका दिवसाच्या पासवरच्या बाईला माझ्या वतीने हार मानायचा अधिकार नव्हता. निकाल फिरतो. विजय खांबाचा."

टेलरबाईने कात्री खाली ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रेडिओला चहा विचारला.

खांब जायला तयार नव्हता. "जाऊ दे ना, झालं ते झालं," म्हणत होता. पण ती कसली ऐकते. "एका वाक्याचं काम आहे. बायकोला काही कळत नाही, असं चारचौघांत म्हणायची परवानगी देते तुम्हाला. नवऱ्यांना अशी संधी मिळते का?" शेवटी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

मंडळाचं कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, लांब टेबल, एक कुरकुरणारा पंखा. अध्यक्षबाई पूर्वी रिंगजवळ बसणाऱ्या डॉक्टर होत्या. असंख्य भुवया त्यांनी शिवल्या होत्या. रेडिओ होता. पोरगाही आला होता, नाकावर पट्टी लावून.

"मॅडम, खांबकाका जिंकलेत," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "मला ते जिंकणं नको. मित्र मला विचारतात, झोपेत कसं जिंकतात ते शिकव."

अध्यक्षबाई हसल्या. "म्हणजे कुणाचीच हरकत नाही. खांब, मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय. तो टॉवेल तुमच्या संमतीने पडला की नाही?"

टेलरबाईने टेबलाखालून नवऱ्याला कोपर मारलं. खांब उठून उभा राहिला. त्याला उभं राहूनच बोलता येई.

"मॅडम, मला ती लढत हवी आहे," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू, फार हवी आहे. पण उद्या एखादा जवान पोरगा मार खात असेल, डोळा बंद झाला असेल, आणि त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडेल. तेव्हा तो ओरडेल, माझी संमती नव्हती, खांबाच्या वेळी तुम्ही ऐकलंत की! आणि रेफरी विचार करत उभा राहील, हा टॉवेल खरा की खोटा, हक्काचा की बिनहक्काचा. तेवढ्या वेळात त्या पोराला आणखी चार ठोसे बसतील. रिंगजवळ बसून तुम्ही किती जणांना स्ट्रेचरवरून नेताना बघितलंय ते मी कशाला सांगू."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"टॉवेल पडला की पडला," खांब म्हणाला. "कुणी टाकला, का टाकला, विचारायचं नाही. आणि माझ्या कोपऱ्यात ही होती. हिला अधिकार नव्हता असं मी म्हणणार नाही. मी हरलो."

तो बसला. टेलरबाईला आधी संताप आला, इतका की तिचे कान तापले. चालून आलेला विजय या माणसाने परत पाठवला! मग तिला त्या साऱ्या शनिवारच्या रात्री आठवल्या, भावाच्या खांद्यावरच्या टॉवेलच्या भरवशावर झोपलेल्या. तिचा राग कुठल्या कुठे गेला. कुठल्या तरी घरात अशीच एक बाई, अशीच एक आई झोपत असणार. पोराच्या पट्टी लावलेल्या नाकाकडे तिने बघितलं आणि तिला आपल्या नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की काय करावं ते सुचेना. म्हणून तिने पदराने डोळे पुसले आणि अध्यक्षबाईंवरच डाफरली.

"बघत काय बसलात? लिहा ना, हरले म्हणून!"

अध्यक्षबाईंनी लिहिलं. मग त्या उठल्या आणि टेबलाला वळसा घालून खांबाशी हात मिळवायला आल्या. पोराने वाकून त्याचे ग्लोव्ह नसलेले हात दोन्ही हातांत धरले. रेडिओ हळूच नाक शिंकरत होता आणि 'विक्रम कायम, विक्रम कायम' असं स्वतःशीच पुटपुटत होता.

दोघं बाहेर पडली. जिन्यात अंधुक उजेड होता. अर्ध्या वाटेत खांब कठड्याला धरून थांबला.

"एक विचारू?" तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "तू बघितलंस ना? तो पडला ते?"

"बघितलं की. माझ्या नाकासमोर पडला."

"म्हणजे नुसता गुडघ्यावर नाही ना? पूर्ण?"

"पूर्ण. चांगला उताणा. दोन्ही पाय वर."

"माझ्या ठोशाने?"

"नाहीतर काय माझ्या?" ती म्हणाली. "तुमच्याच. मी होते ना तिथे."

खांबाने मान डोलावली. मग तो शीळ घालत जिना उतरायला लागला, आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्याने तिला हेच सगळं आणखी दोनदा विचारून घेतलं.